सर बिली बॉस्टन: भांडण चुकीच्या दाराशी चाललंय

जून २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, बिली बॉस्टन बकिंगहॅम राजवाड्यात ‘सर बिली’ झाले. रग्बी लीग या खेळाच्या १३० वर्षांत एकाही खेळाडूला हा किताब मिळाला नव्हता. बातमी आली आणि ब्रिटनमध्ये वाद सुरू झाला: इतका उशीर का? एका बाजूचं म्हणणं असं की रग्बी लीग हा उत्तर इंग्लंडातल्या खाणकामगारांचा आणि गिरणीकामगारांचा खेळ, म्हणून लंडनच्या उच्चभ्रूंनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. दुसरी बाजू म्हणते, बॉस्टन कृष्णवर्णीय आहेत हेच खरं कारण. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनीही या खेळाला इतकी वाट पाहावी लागली हा ऐतिहासिक अन्याय आहे, अशा अर्थाचं विधान केलं. आणि तिसरा एक गट आहेच, जो प्रत्येक अशा वादात असतो: मिळाला ना किताब, मग आता जुनी मढी कशाला उकरायची?

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. बॉस्टन यांच्यावरचा अन्याय राजवाड्याने उशीर केल्यामुळे झालेला नाही. तो १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या कार्डिफमध्ये झाला, रग्बीच्या दुसऱ्या, हौशी शाखेच्या म्हणजे रग्बी युनियनच्या एका क्लबाने त्यांना कधी बोलावलंच नाही तेव्हा झाला, आणि लीगमध्ये गेलेल्याला जन्मभर बाहेर ठेवणाऱ्या नियमाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. राजाने दिलेल्या किताबाने त्या हिशेबातली एक ओळही बदलत नाही, कारण ते देणं राजाचं नव्हतंच. ‘किती उशिरा दिलं’ असं विचारलं की सगळ्यांच्या नजरा देणाऱ्याकडे वळतात, आणि ज्यांनी नाकारलं ते टाळ्या वाजवायला मोकळे होतात.

आपल्याकडे रग्बी म्हणजे एकच खेळ असा समज आहे, त्यामुळे थोडं मागे जावं लागेल. (त्याच जून महिन्यात मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात-सात खेळाडूंची आणि रग्बी युनियनच्या घराण्यातली, रग्बी लीग हा खेळ वेगळा.) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यॉर्कशर आणि लँकेशरमधल्या खेळाडूला शनिवारी सामना खेळायचा तर कामावर खाडा पडायचा. उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली की निदान बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. रग्बी फुटबॉल युनियनने ती फेटाळली: खेळ हौसेचा, पैसे घेतले की खेळाडू बाटला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. पुढे त्यांनी नियम बदलले, पंधराऐवजी तेरा खेळाडू ठेवले, आणि आजची रग्बी लीग उभी राहिली. युनियनने याचं उत्तर जन्मठेपेसारख्या बंदीने दिलं. लीगमध्ये गेलेल्याने युनियनच्या मैदानावर पुन्हा खेळायचं नाही, शिकवायचंही नाही. ही बंदी संपली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, युनियनने स्वतःच खेळात पैसा खुला केला तेव्हा. म्हणजे ज्या पैशापायी तीन-चार पिढ्यांना अस्पृश्य ठरवलं, तोच पैसा शंभर वर्षांनी स्वतः घेतला, आणि ज्यांची उमेद या बंदीत गेली त्यांचं काय करायचं हा प्रश्न तसाच टाकून दिला. ज्याच्या घरी आठवड्याचा पगार मोजून येतो त्याला हौस परवडत नाही, हे कळायला एखाद्या क्रीडासंस्थेला शतक लागावं का?

बॉस्टन यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३४चा, कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतला. वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची, घरात अकरा मुलं. कोळसा नेणाऱ्या जहाजांमुळे या वस्तीत सोमाली, येमेनी, वेस्ट इंडियन, पश्चिम आफ्रिकी असे सगळे खलाशी येऊन राहिले होते. कार्डिफ आर्म्स पार्क हे वेल्समधलं सगळ्यात मानाचं मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. कार्डिफकडून खेळायचं आणि मग वेल्सकडून, एवढंच या पोराचं स्वप्न. वेल्सच्या युवा संघात ते खेळले. नीथ क्लबाकडून खेळले. सैन्यात गेल्यावर रॉयल सिग्नल्सच्या संघातून ट्रायवर ट्राय करत सुटले. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची रेषा ओलांडायची आणि तो जमिनीला टेकवायचा म्हणजे ट्राय, आणि विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने धावत, हे करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कार्डिफचं बोलावणं मात्र आलं नाही. आलं ते उत्तर इंग्लंडातल्या विगनचं.

मार्च १९५३ मध्ये विगन रग्बी लीग क्लबाची माणसं टायगर बेमधल्या त्या घरी आली. बॉस्टन यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी की पाहुण्यांनी पाच पौंडांच्या मोठ्या पांढऱ्या नोटा टेबलावर पसरल्या. त्यांना जायचं नव्हतं. म्हणून आईने असा आकडा सांगितला की ऐकून ही माणसं उठून जातील: तीन हजार पौंड. पाहुणे कबूल झाले. शब्द दिला होता, सही करावी लागली. तीन हजार पौंड म्हणजे त्या काळच्या साध्या कामगाराची पाच-सहा वर्षांची कमाई. मुलगा अठरा वर्षांचा. त्या एका सहीने कार्डिफ आणि वेल्स ही दोन नावं त्यांच्या आयुष्यातून कायमची गेली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, बरंच झालं की! विगनमध्ये त्यांनी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय केले. कारकिर्दीत एकूण ५७१. पहिल्या संघातून जेमतेम काही सामने झाले होते तोच १९५४च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या संघात निवड झाली. त्या दौऱ्यावर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तिथे त्यांनी ३६ ट्राय करून विक्रम केला. १९६०चा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात ते होते. विगनने त्यांना डोक्यावर घेतलं. मैदानाजवळ त्यांनी चालवलेला पब कित्येक वर्षं त्या गावाची बैठक होती. वेम्बलीबाहेर त्यांचा पुतळा आहे, विगनमध्ये आहे, २०२३ पासून खुद्द कार्डिफच्या खाडीकाठीही आहे. कार्डिफने घेतलं असतं तर युनियनच्या त्या काळातल्या संथ, चेंडू लाथाडण्यावर भर असलेल्या खेळात विंगवर थंडीत उभं राहण्यातच त्यांची निम्मी वर्षं गेली असती, हे म्हणणं मला खरंच पटतं. लीगने त्यांना जास्त दिलं, पैसा आणि चेंडू दोन्ही.

पण यातून सिद्ध काय होतं? ज्याला हाकललं त्याने दुसरीकडे राज्य मिळवलं म्हणून हाकलणाऱ्याचा दोष धुतला जातो का? आपल्याकडे या युक्तिवादाचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागला आहे. पळवणकर बाळू चांभार समाजात जन्मले, पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता डावखुरी फिरकी शिकले, आणि १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. देशातला सर्वोत्तम गोलंदाज कोण याबद्दल तेव्हा वाद नव्हता. त्यांच्या चेंडूंवर हिंदू संघ सामने जिंकत होता, मात्र पुण्यात खेळताना त्यांचा चहा मैदानाबाहेर मातीच्या भांड्यातून यायचा, आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना वर्षानुवर्षं नाकारलं गेलं. १९२० मध्ये बाळूंना संघाबाहेर ठेवलं तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीरपणे माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार केलं गेलं, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. आता कोणी म्हणालं की बाळूंचे बळी कोणी अडवले नाहीत ना, मग कर्णधारपदाचं काय घेऊन बसलात, तर मराठी वाचकाला ते पटेल का? बळी त्यांनी घेतले ते त्यांच्या हातांचं कर्तृत्व. कर्णधारपद नाकारलं ते जिमखान्याच्या कारभाऱ्यांचं कर्तृत्व. दोन्हींची नोंद वेगवेगळ्या खात्यांवरच करावी लागते. आणि विठ्ठल कर्णधार झाले तेव्हा गोष्ट हलली ती संघाच्या आतून. कोणी बाहेरून पदक आणून लावल्याने नव्हे.

दुसरा आक्षेप त्याहून भक्कम आहे. पुरावा कुठे आहे? कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायचा नाही असा कार्डिफ क्लबाचा लेखी नियम कोणी दाखवलेला नाही. आणि तो संघ तरी कसा होता! ब्लेडिन विल्यम्स, क्लिफ मॉर्गन, ग्विन रोलंड्स. २१ नोव्हेंबर १९५३ रोजी याच कार्डिफने न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ना ८-३ असं हरवलं, त्या दौऱ्यावरच्या न्यूझीलंडला हरवणं हे मोठमोठ्यांना न साधणारं काम होतं. अशा संघात अठरा वर्षांच्या पोराला जागा मिळाली नाही, यात वर्णद्वेषच आहे असं छातीठोकपणे कसं म्हणायचं? एकट्या बॉस्टन यांच्याबद्दल विचाराल तर मला मान्य करावं लागेल: म्हणता येत नाही. निवडकर्त्याच्या मनात काय होतं हे कोणत्याच एका निवडीवरून कळत नाही.

म्हणूनच एक निवड पाहायची नसते, सगळ्या निवडी एका रांगेत लावायच्या असतात. टायगर बे आणि आसपासच्या वस्त्यांतून बिली बॉस्टन विगनला गेले. जॉनी फ्रीमन हॅलिफॅक्सला गेले. कॉलिन डिक्सन हॅलिफॅक्सला गेले. स्प्लॉटमधले क्लाइव्ह सलिव्हन हलला गेले, आणि १९७२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनच्या संघाचे कर्णधार झाले. कोणत्याही खेळातल्या ब्रिटिश राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याआधी १९३५ मध्ये जॉर्ज बेनेट रग्बी लीगमध्ये वेल्सकडून खेळले होते. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून लीगच्या वेल्स संघात कृष्णवर्णीय खेळाडू आहे, आणि युनियनच्या वेल्स संघात मात्र पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९८०चं दशक उजाडलं. तीच माती, तीच वस्ती, त्याच शाळा. एका खेळाला दिसणारे खेळाडू दुसऱ्याला पन्नास वर्षं दिसू नयेत, हा योगायोग मानायचा का? लेखी नियमाची गरज त्यांना पडते ज्यांना आपलं म्हणणं सगळ्यांकडून पाळून घ्यावं लागतं. जिथे सगळे आधीच एकमताचे असतात तिथे कागद लागत नाही. बोलावणं पाठवलं नाही की काम होतं. नोकरीत, घर भाड्याने देण्यात, लग्नाच्या पंगतीत हे आपण इतकं जवळून पाहिलं आहे की ‘नियम दाखवा’ ही मागणी भाबडी असते की धूर्त, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

‘तेव्हाचा काळच तसा होता’ हा तिसरा आक्षेप. खरं तर सगळ्यात लोकप्रिय हाच आहे, आणि सगळ्यात कमी टिकणाराही. काळ तसा होता तर त्याच काळात विगनला टायगर बेचं घर कसं सापडलं? त्याहून जुना दाखला हवा तर जिमी पीटर्स यांचा घ्या. १९०६ मध्ये ते इंग्लंडच्या युनियन संघातून खेळले, पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा संघ दौऱ्यावर आला, इंग्लंडातल्या डेव्हन परगण्याच्या संघाविरुद्धच्या सामन्यात पीटर्स समोर आहेत म्हणून त्यांनी कुरकुर केली, आणि मग इंग्लंड-दक्षिण आफ्रिका सामन्यात पीटर्स संघात नव्हते. १९०८ नंतर त्यांची निवड झाली नाही. पुढे गोदीत काम करताना त्यांची बोटं तुटली. मदतीसाठी जमवलेले पैसे त्यांनी घेतले म्हणून युनियनने त्यांना बाद केलं, आणि कारकिर्दीच्या उताराला ते लीगमध्ये गेले. इंग्लंडच्या युनियन संघात दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला १९८८ मध्ये, क्रिस ओटी. मधली ऐंशी वर्षं काळाने घेतलेली नाहीत. १९०६ मध्ये जे शक्य होतं ते पुढे अशक्य केलं गेलं, ते माणसांनी, समितीच्या खोल्यांत बसून.

पीटर्स यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठळक दिसते. वर्ण आणि वर्ग ही दोन वेगळी कारणं म्हणून आज जो वाद घातला जातो, तो किती पोकळ आहे. त्यांना संघातून काढलं ते वर्णामुळे आणि खेळातून काढलं ते गरिबीमुळे. बॉस्टन यांच्यावर याच दोन गोष्टी याच क्रमाने आल्या: आधी बोलावणं नाही, मग पैसे घेतले म्हणून बंदी. दोन कुलपं एकाच दाराला होती.

वर्गाचा मुद्दा मांडणाऱ्यांचं बरंचसं म्हणणं मी स्वीकारतो. लीगच्या गोऱ्या खेळाडूंनाही २०२५ पर्यंत ‘सर’ मिळालेलं नाही, ॲलेक्स मर्फी यांच्यासारख्या नावाजलेल्या खेळाडूलाही नाही. त्यामुळे किताबाच्या उशिराचं कारण केवळ वर्ण, असं म्हणता येणार नाही. ज्या १९५३ साली बॉस्टन यांनी सही केली, त्याच साली क्रिकेटमधले जॅक हॉब्ज आणि घोडेस्वार गॉर्डन रिचर्ड्स ‘सर’ झाले. दोघंही पैसे घेऊन खेळणारे, दोघंही गरिबीतून आलेले. फुटबॉलचे स्टॅन्ली मॅथ्यूज १९६५ मध्ये झाले. रग्बी युनियनचे गॅरेथ एडवर्ड्स २०१५ मध्ये. म्हणजे पैसा हा अडसर राजवाड्याला नव्हता. लीग हा खेळ आणि उत्तरेचा तो पट्टाच नजरेआड होता. हे सगळं खरं. पण ही तक्रार लीगची आहे, एका संपूर्ण खेळाची. ती बॉस्टन यांच्या नावावर मांडली की त्यांच्या वाट्याला आलेली वेगळी गोष्ट झाकली जाते, आणि एका नव्वदीच्या माणसाला किताब देऊन दोन्ही तक्रारी एकदम मिटल्याचा भास होतो.

आणि लीगला तरी इतकं निर्मळ का मानायचं? कृष्णवर्णीय खेळाडू रॉय फ्रान्सिस यांची योग्यता असूनही १९४६च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना घेतलं नाही; ऑस्ट्रेलियात वर्णभेद पाळला जातो ही सबब होती. १९५७च्या विश्वचषकानंतर ब्रिटन आणि फ्रान्सचे संघ ऑस्ट्रेलियाहून परतताना प्रदर्शनी सामने खेळायला दक्षिण आफ्रिकेत गेले. वर्णभेदी राजवटीच्या त्या देशात बॉस्टन यांना संघाबरोबर जाता येणार नव्हतं. संघ गेला. बॉस्टन एकटे घरी आले. यातलं ‘संघ गेला’ हे मला सगळ्यात जास्त खुपतं. दौरा रद्द करता आला असता. प्रदर्शनी सामनेच तर होते. अकरा वर्षांनी क्रिकेटमध्ये, इंग्लंडच्या संघातले मिश्रवर्णीय खेळाडू बेसिल डॉलिव्हेरा यांना दक्षिण आफ्रिकेने नाकारलं त्यावरून जे वादळ उठलं त्याच्या निम्मंही तेव्हा उठलं नाही. तेव्हा आज लीगचे कारभारी किताबाचा जल्लोष करतात त्यात त्यांचाही एक जुना हिशेब बुडतो आहे.

मग झालेलं निस्तरायचं कसं? याचं उत्तर त्याच कार्डिफमध्ये, त्याच वस्तीत सापडतं, म्हणून ते सविस्तर सांगतो. विगनची माणसं बॉस्टन यांच्या दारी आली त्याच्या सहा महिने आधी, ३ सप्टेंबर १९५२ रोजी, टायगर बेमध्ये राहणाऱ्या महमूद मत्तान या सोमाली खलाशाला कार्डिफच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गोदीजवळच्या एका दुकानदार बाईच्या खुनाचा आरोप होता. खटल्यात त्याच्या स्वतःच्या वकिलाने ज्युरीसमोर त्याचं वर्णन अर्धवट सुधारलेला रानटी माणूस अशा शब्दांत केलं. बायको वेल्सचीच, गोरी, तीन लहान मुलं. ती आणि नंतर ती मुलं पंचेचाळीस वर्षं म्हणत राहिली की तो निर्दोष आहे. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द ठरवली. चुकीच्या शिक्षांची छाननी करणाऱ्या नव्या आयोगाने न्यायालयाकडे पाठवलेलं ते पहिलंच प्रकरण होतं. २०२२ मध्ये साउथ वेल्स पोलिसांनी माफी मागितली. फाशीची आणि संघातून डावलण्याची बरोबरी करायची नाही, करूही नये. मला दाखवायची आहे ती पद्धत. मत्तान यांना मरणोत्तर पदक देऊन कोणी विषय संपवला नाही. कागद बाहेर काढले, साक्षी पुन्हा तपासल्या, आणि ज्या न्यायव्यवस्थेने चूक केली तिनेच आपल्या दप्तरात ती दुरुस्त केली.

खेळातही हे झालेलं आहे. जिम थॉर्प यांनी १९१२च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली, आणि कधीतरी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून ती काढून घेतली गेली: पुन्हा तेच, हौशी असण्याचं सोवळं, आणि समोर मूळ अमेरिकन वंशाचा गरीब खेळाडू. त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी ऑलिंपिक समितीने आधी त्यांना सहविजेते केलं आणि २०२२ मध्ये एकमेव विजेते म्हणून नोंद दुरुस्त केली. नोंद ज्यांनी बिघडवली त्यांनीच ती सुधारली, म्हणून ती सुधारणा खरी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एखादं पदक देऊन ते झालं नसतं.

आपल्याकडे खाशाबा जाधवांच्या बाबतीत हाच घोळ होतो. १९५२ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, आणि पद्म किताबाची मागणी अजून चालू आहे. मिळावा, जरूर मिळावा. पण त्या मागणीच्या आवाजात एक प्रश्न दबून जातो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून गावोगाव वर्गणी जमवावी लागली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. ते पैसे देणं कोणाचं काम होतं, आणि त्यांनी का दिले नाहीत? किताब दिला की हा प्रश्न विचारणारा माणूस कुरकुऱ्या ठरतो.

उशिराची तक्रार करणाऱ्यांची एक बाजू मात्र माझ्या मनाला लागते. बॉस्टन यांना स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. सन्मान माणसाला कळतो आहे तोवर द्यावा, एवढी साधी गोष्ट आहे ही, आणि ती पाळली गेली नाही. त्यांच्या घरच्यांना आणि विगनच्या लोकांना झालेला आनंद मी कमी लेखत नाही. कार्डिफच्या खाडीकाठचा बॉस्टन, सलिव्हन आणि गस रिस्मन यांचा पुतळाही काही वरून आलेला नाही. आपल्या वस्तीतून निघून गेलेल्या खेळाडूंचं स्मारक व्हावं ही मागणी तिथल्याच लोकांची. त्यातले रिस्मन हे लॅट्व्हियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले, ही बाबही लक्षात ठेवण्यासारखी.

आता शेवटचा आक्षेप: ते निवडकर्ते कधीच मेले, आजच्या क्लबाला कशाला धरता? माझं उत्तर असं की कार्डिफ क्लब १८७६चा आहे, आणि ते साल तो अभिमानाने सांगतो. १९५३ला न्यूझीलंडला हरवलेला संघ ‘आमचा’ म्हणून सांगतो. ८-३ हा विजय ज्यांच्या वारशात येतो, त्यांच्याच वारशात त्या वर्षीची निवडही येते. विजय घ्यायचा आणि निवड मेलेल्यांवर ढकलायची, असं करता येणार नाही. माझी मागणी किताबाची नाही, पुतळ्याचीही नाही. कार्डिफ क्लबाने आणि वेल्सच्या रग्बी युनियनने त्या पन्नास वर्षांच्या निवड समित्यांची जी इतिवृत्तं, पत्रं आणि चाचणी सामन्यांच्या याद्या शिल्लक असतील त्या अभ्यासकांना खुल्या कराव्यात, आणि जे सापडेल ते आपल्याच संग्रहालयात, आपल्याच नावाने लिहावं. कोणाला चाचणीला बोलावलं, कोणाला नाही, कोणत्या शाळांत माणूस पाठवला आणि कोणत्या गल्लीत कधीच नाही. कारण बॉस्टन यांचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते विगनच्या लोकांनी त्यांचं दार शोधलं म्हणून. बाकीच्यांच्या दारी कोणीच आलं नाही. ते गोदीत कामाला लागले, शनिवारी वस्तीतल्या मैदानावर खेळले, आणि त्यांची नावं असतीलच तर ती त्या याद्यांतच असतील.